विद्यार्थी मंडळाचा सचिव : मान आणि काम

(द्वितीय वर्ष, कला)

'सचिव' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलनाचा मंच येतो, छातीवरचा रंगीत बिल्ला येतो, पाहुण्यांना हार घालतानाचा फोटो येतो. माझीही कल्पना याहून निराळी नव्हती. मंडळाच्या सभेत माझी निवड झाली तेव्हा मी घरी पेढे नेले. वडील शेतमजूर, आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पेढा हातात धरून त्यांनी विचारले, "म्हंजी तुला काम काय करायचं?" मला उत्तर देता आले नाही. वर्षभरात जे उमगले ते येथे मांडतो.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानुसार मागील परीक्षेतील गुणवत्तेवरून वर्गप्रतिनिधी नेमले जात आणि मंडळाचे विद्यार्थी सदस्य आपल्यातून सचिव निवडत. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. दरम्यान, विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्वीकारल्या. उमेदवाराची हजेरी किमान ७५ टक्के असावी आणि खर्च ५,००० रुपयांच्या आत राहावा, असे त्या सांगतात. आमच्या मंडळात यंदा प्रतिनिधी गुणांवरूनच आले. म्हणजे माझ्यासाठी मोजक्या प्रतिनिधींनी हात वर केले. बाकी विद्यार्थ्यांकडे मला मत मागावे लागले नाही. या पद्धतीत भांडणे टळतात हे खरे. पण ज्याला मत मागावे लागत नाही, त्याला कुणाचे ऐकून घ्यावेच लागते असेही नाही. हा धोका मी स्वतः अनुभवला.

सचिवाचा दिवस कसा जातो? सकाळी साडेसातला पहिला तास. मधल्या सुटीत शिष्यवृत्तीवाल्यांचा घोळका. महाडीबीटीवर अर्ज भरताना कुणाचा उत्पन्नाचा दाखला जुना निघतो, कुणाचे आधार बँक खात्याला जोडलेले नसते. त्यांना तहसीलला की बँकेत पाठवायचे ते सांगायचे, कार्यालयातील बाबूंची वेळ सांभाळायची. दुपारी क्रीडा विभाग, मग सांस्कृतिक समिती. डिसेंबरात तर मांडव, ध्वनिक्षेपक, शेलापागोटे यांपलीकडे काही सुचत नव्हते. इतिहासाची एक चाचणी त्यात बुडाली.

त्याच डिसेंबरात प्रथम वर्षाच्या चौदा मुलींनी माझ्याकडे अर्ज दिला. शेवटचा तास ११.४० ला सुटे आणि त्यांच्या गावांकडची एस.टी. ११.३५ ला निघे. पुढची गाडी अडीचला. तोवर स्टँडवर बसायला घरचे तयार नव्हते. शेवटचा तास बुडवावा, तर हजेरी जाई. "बघतो," असे म्हणून मी अर्ज वहीत ठेवला. तो तेथे अठरा दिवस राहिला.

संमेलन पार पडल्यावर मी तो प्राचार्यांपुढे नेला. त्यांनी वेळापत्रक आणि गाड्यांच्या वेळा शेजारी शेजारी ठेवायला सांगितल्या. चूक एस.टी.ची नव्हतीच, आमचे वेळापत्रक आखताना गाडीची वेळ कुणी पाहिली नव्हती. पंचवीस मिनिटांची सुटी दहा मिनिटांवर आणली आणि तास ११.२५ ला सुटू लागले. सगळे दोन दिवसांत झाले. तोवर चौदांपैकी तिघींनी येणे सोडले होते. दोघी परत आल्या. तिसरीचे लग्न ठरले. अर्जावर पहिली सही तिचीच होती. मी वेळेवर हललो असतो तर ती शिकत राहिली असती का, हे मला सांगता येणार नाही. पण तो प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

यातून काही गोष्टी मी शिकलो. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते; ती त्याच दिवशी कागदावर यावी. अर्जात नावे, गावे, वेळा असाव्यात. नुसते 'गैरसोय होते' लिहून भागत नाही. कार्यालयात अर्ज देऊन आवक क्रमांकासह पोच घ्यावी. आणि काम होवो न होवो, अर्जदाराला आठवड्यात उत्तर द्यावे. समारंभ एक दिवस पुढे ढकलता येतो, पण हजेरीपटावरून गेलेले नाव परत आणणे फार अवघड असते.

वडिलांना आता मी सांगितले आहे, "लोकांचे अर्ज पोचवायचे काम." ते म्हणाले, "मग वेळेवर पोचव."

पुढच्या सचिवाला बिल्ला मिळेलच. मी त्याच्या हाती माझी वही देणार आहे. तीत अजून सहा अर्जांपुढे खूण व्हायची आहे.