चार पावलं टाकून बघ

अगं, पायाचा फोटो बघितला. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला लिंबाएवढी सूज, खाली जांभळट, आणि त्याखाली तू लिहिलंयस, ‘काही नाही गं ताई, नुसता मुरगळलाय.’ त्या ‘नुसता’वरून तुझ्याशी भांडायचंय. फोनच लावणार होते, पण शेजारी सासूबाई बसलेल्या असतील आणि त्यांचं तेल तापत असेल, म्हणून लिहितेय.

आधी एक कर. धरायला कुणाला तरी जवळ घे आणि चार पावलं टाकून बघ. लंगडत टाकलीस तरी चालेल. पडल्या पडल्याही जमली नव्हती आणि आत्ताही जमत नसतील, तर एक्स-रे काढायचा. मग दोन्ही बाजूंच्या घोट्याच्या हाडांची मागची कड, टोकापासून वर चार बोटं, दाबून बघ. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर हाडाचा उंचवटा लागतो तो, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड, तेही बघ. नेमकं हाडावर बोट ठेवल्यावर ओरडलीस, तरी एक्स-रे. हे माझ्या मनाचं नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये हे नियम बसवले आणि अजून सगळीकडे तेच वापरतात. हाड शाबूत निघालं की सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात, ‘फ्रॅक्चर नाही ना, मग आराम कर’ म्हणतात आणि विषय संपतो. माझा असाच संपला होता.

आठवतं ना, दादरच्या पुलावर पावसात शेवटची पायरी चुकले ते? हाड ठीक होतं. क्रेप बँडेज बांधून तीन आठवडे दिवाणावर लोळले. आईने आंबेहळदीचे लेप घातले, शेजारच्या काकूंनी कुणीतरी पायाळू शोधून आणायची तयारी केली होती. (पायाळू उसण काढतो गं, घोट्याचं त्याला काय कळणार!) सूज उतरली, मी ऑफिसला जायला लागले. चार महिन्यांनी भाजी घेऊन येताना सपाट रस्त्यावर तोच पाय वळला. मग मामेबहिणीच्या लग्नात, हॉलच्या गालिच्यावर. तिसऱ्यांदा पडले तेव्हा कुठे फिजिओथेरपिस्टकडे गेले.

तिने काही न करता आधी मला डाव्या पायावर डोळे मिटून उभं केलं. वीस आकडे आरामात झाले. उजव्यावर तिसऱ्या आकड्याला मी तिचं टेबल धरलं. लाजच वाटली. तेव्हा तिने समजावलं की घोट्याला बांधून ठेवणारे जे अस्थिबंध असतात, ते नुसते दोर नाहीत. पाय कुठे टेकलाय, किती कललाय याची बातमी मेंदूला देणारे मज्जातंतू त्यांच्यातही असतात. अस्थिबंध ताणला की ती बातमी अडखळते. पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल आत वळताना सावरून धरतात, ते पडून राहिल्याने सुस्तावतात. वरून सगळं बरं दिसतं, पण पायाला तोल सांभाळायचा विसर पडलेला असतो. माझा घोटा आखडलाही होता. अजून गौरीची रांगोळी काढताना मी उकिडवी बसत नाही, उजवा पाय बाजूला टाकते. पहिल्याच आठवड्यात गेले असते तर ही वेळ आली नसती, असं मला वाटतं.

तेव्हा तू तीन-चार दिवसांत जा. सूज पूर्ण उतरेपर्यंत थांबू नकोस, ती चूक मी करून झालेय.

तोवर बँडेज बोटांच्या मुळापासून वरपर्यंत बांध. बोटं बधिर किंवा निळी पडली तर सोड. झोपताना पाय छातीपेक्षा उंच ठेव. दुखलं तर बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नको. बर्फ आणि सक्त आराम यांचा मंत्र 1978 मध्ये ज्या डॉ. गेब मर्किननी लोकांना दिला, त्यांनीच पुढे सांगितलं की दोन्हींचा अतिरेक बरं व्हायला उशीरच करतो. पहिले दोन-तीन दिवस शेक नाही, मालिश तर नाहीच. लेप हवा तर लावू दे सासूबाईंना, चोळू देऊ नकोस. आणि दुखणं सोसवेल इतपत घरात चाल. पडल्या पडल्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई काढ. ‘ॐ’ काढलास तर घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो आणि सासूबाईही खूश.

फिजिओ कसा निवडायचा? साडेचार वर्षांची पदवी असते त्यांची, बीपीटीएच, ती विचारायला संकोच करू नकोस. मालिश सेंटरवाले हल्ली स्वतःला काहीही म्हणवतात. जो तुझा पाय हातात घेईल, दोन्ही घोटे ताडून बघेल, चालून दाखवायला लावेल तो खरा. नुसतं मशीन लावून वीस मिनिटांनी ‘उद्या या’ म्हणाला तर दुसरीकडे जा. अल्ट्रासाऊंडने मुरगळलेला घोटा लवकर बरा होतो, असं काही अभ्यासात दिसलेलं नाही. मी सात-आठ वेळाच गेले, बाकीचं घरी केलं: ओढणी तळव्यात अडकवून ओढणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, मग एका पायावर उभं राहून कुकरच्या शिट्ट्या मोजणं. मोठ्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो, खिशाला परवडतं.

हे सगळं साध्या मुरगळ्याचं बरं का. गुडघा ‘कट्‌’ वाजून तासाभरात टम्म फुगला, खांदा निखळला, किंवा कंबर धरून मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला आणि लघवी अडली, तर आधी डॉक्टर, तेही ताबडतोब. तिथे फिजिओची वाट बघायची नाही.

जावईबापूंना सांग, स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका, रिक्षा करा. आणि आईचा फोन आला तर मी लेपाबद्दल काय म्हणाले ते तिला सांगू नकोस. तिने कालच आंबेहळद पोस्टाने पाठवलीय.