कारखान्यांच्या गावची इंजिनिअरिंग कॉलेजं

प्रश्न : आमचं गाव पाथर्डी तालुक्यात आहे. पुतणीला बारावीला चांगले मार्क पडले, सीईटीही बरी गेली. दहावीपर्यंत ती मराठी शाळेत शिकली. तिच्यासाठी कॉलेजांची यादी काढली तेव्हा लक्षात आलं, की आपल्या नगर जिल्ह्यातली जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं लोणी, संगमनेर, कोपरगाव अशा साखर कारखान्यांच्या पट्ट्यातच आहेत. असं का झालं? दुसरं असं, की पाहुण्यारावळ्यांत जो तो सांगतो, ‘गावाकडची मराठी शाळेतली पोरं पहिल्याच वर्षी गणिताच्या एम-वन, एम-टू पेपरांना अडकतात, वायडी होतात, वर्ष वाया जातं. पोरीला बीएस्सीला घाला.’ यात खरं किती?
— एक वाचक, ता. पाथर्डी

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधायला भंडारदऱ्यापर्यंत जावं लागतं. प्रवरेवरच्या या धरणाचं काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. खाली संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचा उजवा आणि डावा कालवा निघाला. गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वरहून निघालेले कालवे कोपरगावच्या बाजूला आले. पाटाचं पाणी आलं तसा ऊस आला आणि उसामागून कारखाने आले. सुरुवातीचे कारखाने खासगी मालकांचे होते. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरला, सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. सभासदाच्या ऊसबिलातून टनामागे काही रक्कम कापायची आणि ती शाळा, दवाखाना अशा कामांना लावायची, ही रीत सहकारात हळूहळू रुजली. त्यामुळे उत्तर नगरमधल्या शाळा-कॉलेजांच्या भिंतींत शेतकऱ्यांच्या उसाचा पैसा आहे, आणि ही गोष्ट या जिल्ह्यानं अभिमानानं सांगावी अशीच आहे.

आता १९८३ कडे या. तोवर महाराष्ट्रात इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुण्याचं १८५४ पासूनचं कॉलेज, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, कराड, औरंगाबाद आणि अमरावतीची सरकारी कॉलेजं अशा मोजक्याच जागा होत्या. मार्क थोडे कमी पडले की ज्याच्या घरी पैसा तो कर्नाटकात जाई. बाकीच्यांनी नाद सोडून द्यायचा. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी खासगी संस्थांना विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेज काढायला परवानगी दिली. जमीन, कार्यशाळेसाठी पैसा, शिक्षकांना राहायला वसाहत आणि हे सगळं चालवायची घडी, एवढं खेड्यापाड्यांत तयार होतं ते सहकाराच्या पट्ट्यातच. त्याच वर्षी लोणीला प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय, संगमनेरला अमृतवाहिनी आणि कोपरगावला संजीवनी अशी तीन कॉलेजं एकाच जिल्ह्यात उभी राहिली. लोणीमागे विखे पाटील कुटुंब, संगमनेरमागे भाऊसाहेब थोरात आणि कोपरगावमागे शंकरराव कोल्हे ही सहकारातलीच माणसं होती. नगर शहराजवळ विळद घाटात कॉलेज झालं ते त्यांच्यानंतर.

या कॉलेजांनी काय केलं हे मोजायचं तर प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठच्या कुठल्याही गावात जावं. ज्या घरात बाप सातवी शिकला, त्या घरातला मुलगा किंवा मुलगी पुण्यात चाकणला, हिंजवडीला काम करताना दिसेल. पुण्याला खोली करून राहणं परवडत नव्हतं, तिथं घरचा डबा घेऊन एसटीनं कॉलेजला जाता येऊ लागलं. विनाअनुदानित कॉलेजांवर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यातली बरीचशी योग्यही होती. पण ती कॉलेजं नसती, तर या मुलांना इंजिनिअरिंगचं दार दिसलंही नसतं, असं माझं मत आहे.

मात्र हे दार पाटाच्या कडेनं उघडलं, आणि तुमचा पाथर्डी तालुका पाटाच्या पलीकडे राहिला. क्षेत्रफळानं राज्यातल्या सगळ्यात मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात चौदा तालुके आहेत. पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर या दक्षिणेकडच्या कोरडवाहू भागाकडे त्या काळी कारखान्यांचा असा पट्टाही नव्हता आणि टनामागे कापायला तेवढा ऊसही नव्हता. उलट पाथर्डी-जामखेडचीच माणसं दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन दुसऱ्यांचा ऊस तोडायला बाहेर पडतात आणि गळीत संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच दिवसांत येतात. मागे राहणारी मुलगी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात असते आणि सोबत गेलेलीची शाळाच सुटते. पश्चिमेला अकोले तालुक्याच्या डोंगरात धरणं आहेत, पण महादेव कोळी आणि ठाकर पाड्यांवरून विज्ञान शाखेच्या ज्युनिअर कॉलेजपर्यंत पोचायचं हीच एक परीक्षा असते. जिल्ह्यात जागा किती आहेत एवढंच मोजून या मुलांची अडचण कळत नाही.

आता दुसरा प्रश्न. मराठी शाळेतली मुलं पहिल्या वर्षी अडखळतात, हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण त्याचं कारण पाहुणे सांगतात ते नव्हे. याचा अभ्यास आपल्याकडेच झालेला आहे. मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. केंद्राचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम केलं. मग १९८० च्या सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांतली, अनुसूचित जातींमधल्या कुटुंबांची आठवीची मुलं निवडून त्यांना आठवड्यातले काही तास शिकवायला सुरुवात केली. मुलांना काय येत नाही हे बारकाईनं पाहिल्यावर त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. पुष्कळदा मुलांना विज्ञानातली कल्पना कळत होती, पण पुस्तकाची भाषा त्यांच्या आड येत होती. भाषा सोपी केली, मुलांना बोलतं केलं, चुकायला वाव दिला, आणि दहावीच्या निकालात ठळक फरक पडला. मुलं तीच, शाळा त्याच, घरं तीच. ही तर मराठी शाळांतल्या मराठी पुस्तकांची गोष्ट. अकरावीत सगळं एकदम इंग्रजीत आल्यावर काय होत असेल, याचा अंदाज करा.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला आहे. १९७० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात युरी ट्राइझमन यांना दिसलं, की कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये मोठ्या प्रमाणावर नापास होत आहेत. सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं ठरलेली होती : मेहनत कमी, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही. ट्राइझमन मुलांच्या खोल्यांवर गेले, ती अभ्यास कसा करतात ते पाहिलं, आणि यातलं एकही कारण टिकलं नाही. मुलं भरपूर अभ्यास करत होती, पण एकेकटी. त्याच वर्गातली चिनी वंशाची मुलं आधी आपापली गणितं सोडवत, मग एकत्र बसून एकमेकांची तपासत, कुठं चुकलं त्यावर वाद घालत आणि परीक्षेत काय येतं याच्या खबरीही देत. ट्राइझमन यांनी मागे पडणाऱ्या मुलांसाठी गटानं गणितं सोडवायचे वर्ग सुरू केले. त्यांत सोपी, उजळणीची गणितं ठेवली नाहीत, नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणितं ठेवली. मुलं पास होऊ लागली, आणि चांगल्या मार्कांनी होऊ लागली.

आपल्या कॉलेजांत याच्या उलट चालतं असं मला पुष्कळदा दिसतं. एम-वनमध्ये केटी लागली, म्हणजे विषय राहिला, की मुलाला ‘वीक स्टुडंट’ म्हणून वेगळं बसवतात, जादा तासाला तीच गणितं पुन्हा फळ्यावर उतरवून देतात आणि मूल आणखी गप्प होतं. गावाकडचं मूल वर्गात शंका विचारत नाही, कारण शंका इंग्रजीत विचारावी लागेल अशी त्याला भीती असते. पहिल्या सत्रात ज्याला मराठीतून शंका विचारायची मोकळीक मिळते, ते मूल पुढे इंग्रजीही शिकतं. ही मोकळीक द्यायला कॉलेजला एक रुपया लागत नाही.

गावाकडच्या मुलांची जमेची बाजूही आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. बोअरची मोटर जळली तर ती कशानं, स्टार्टर का पडतो, पाइपलाइनला चढावर दाब का मिळत नाही, हे तुमच्या पुतणीनं बारावीच्या आधीच पाहिलेलं असणार. १९८३ मध्येच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला, म्हणजे पारनेरपासून फार लांब नाही, विज्ञान आश्रम काढला तो याच जाणिवेतून. शाळेतल्या मुलांनी वेल्डिंग, विजेचं फिटिंग, माती-परीक्षण, बांधकाम हातानं करायचं आणि त्यातून विज्ञान शिकायचं, ही त्यांची पद्धत पुढे ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाच्या रूपानं अनेक माध्यमिक शाळांत गेली. असं शिकलेल्या मुलाला इंजिनिअरिंगची कार्यशाळा परकी वाटत नाही.

मुलगी आहे म्हणून पाहुणे बीएस्सीचा आग्रह धरत असतील, तर त्यांना आपल्याच नगरची आठवण द्या. मुलींची शाळा काढण्याआधी जोतीराव फुले नगरला मिशनरी फरारबाईंच्या शाळा पाहून गेले होते आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं तेही फरारबाईंकडे, नगरला. आज इंजिनिअरिंगच्या प्रवेशात सगळ्या प्रवर्गांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून शासन पूर्ण भरतं. हा मोठा निर्णय आहे. पण शिक्षण शुल्क माफ झालं तरी खोली, मेस आणि प्रवास राहतोच. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावानं मिळणारा एसटीचा मोफत पास बारावीला थांबतो, पुढे सवलतीचा पास असतो. मुलींची नावं कॉलेजातून गळतात ती पुष्कळदा इथं, गणितात नव्हे.

म्हणून राहण्याच्या खर्चाची सोय आधी बघा. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून सगळंच सांगतो. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार आणि अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आहे, तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा. प्रवेशाच्या फेरीत ‘टीएफडब्ल्यूएस’ हा पर्यायही भरा. या जागांवर शिक्षण शुल्क लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर आणि जात पडताळणी प्रमाणपत्र हातात आहे ना, ते आजच बघा. पडताळणीचा कागद नाही म्हणून हातची जागा गेल्याची उदाहरणं दर वर्षी ऐकू येतात. विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम करण्यात पुतणीनं कमीपणा मानू नये. ती कर्मवीर भाऊराव पाटलांची शिकवण आहे आणि ‘रयत’च्या शाळा-कॉलेजांतून या जिल्ह्यातली किती तरी माणसं त्याच वाटेनं शिकली.

तुमच्या घरात तिच्या मागे धाकटी भावंडं असतील, तर त्यांच्यासाठी दहावीनंतरच्या डिप्लोमाचा विचार जरूर करा. नगरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, तिथली फी कमी असते. डिप्लोमाला मराठी-इंग्रजी द्विभाषिक पद्धतीनं शिकायची सोय झाली आहे आणि तो पुरा केल्यावर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. भाषेशी झगडायला त्या मुलांना तीन वर्षं मिळतात.

पुतणीचा प्रवेश घ्यायला जाल तेव्हा इमारत आणि पॅकेजचे फलक बघण्याआधी प्राचार्यांना एक गोष्ट विचारा : गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलांपैकी किती मुलं सगळे विषय सोडवून दुसऱ्या वर्षाला गेली, आणि त्यांत मराठी माध्यमाची किती, मुली किती? हा आकडा जे कॉलेज सांगेल त्याचा विचार आधी करा. आणि लोणी, संगमनेर, कोपरगावसह जिल्ह्यातल्या सगळ्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की हा आकडा तुमच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर दर वर्षी छापा.