परसातला बदाम

माझी आजी पुण्यात कसबा पेठेत राहते. तिच्या घरामागे परसात बदामाचे मोठे झाड आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी व माझा धाकटा भाऊ तिच्याकडे गेलो होतो. तेव्हा जे शिकलो ते येथे लिहीत आहे.

झाडाची ओळख : वाण्याकडे मिळतो तो बदाम वेगळा. तो गुलाबाच्या कुळातला. आपल्या देशात तो काश्मीरकडे होतो. आजीच्या झाडाला देशी बदाम किंवा जंगली बदाम म्हणतात. हिरडा, बेहडा आणि अर्जुन हे याचे भाऊबंद. याच्या फांद्या दीपमाळेच्या हातांसारख्या मजल्यामजल्याने पसरतात. पाने गळण्याआधी लाल होतात. हे झाड समुद्रकाठचे. फळ हलके व धागेदार असल्यामुळे ते पाण्यावर तरंगत दूर जाते व रुजते. पुण्यात समुद्र नाही, पण वटवाघळे आहेत. ती रात्री वरचा मगज खातात आणि बी टाकून देतात.

साहित्य : टोपली, सपाट दगड, मुठीत मावेल असा दुसरा दगड, सांडशी, दाभण, वाटी, तवा.

कृती :
१) झाडाखाली पडलेली पिकी फळे वेचा. वटवाघळाने कुरतडलेली घेऊ नका.
२) फळे आठ-दहा दिवस कडक उन्हात वाळवा. मला काही दम निघेना. दुसऱ्याच दिवशी मी एक ओले फळ ठेचायला गेले, तर दगड सटकला आणि अंगठा चेचला! आजी म्हणाली, "अगं, ओलं फळ घाव गिळतं. वाळलं की एका टोल्यात फुटतं."
३) वाळलेले फळ दगडावर कडेवर उभे ठेवा. बोटांनी नव्हे, सांडशीने धरा. कंगोऱ्यावर टोला मारला की दोन फाका होतात.
४) दाभणाने बी अलगद काढा. ती आडवी कापून पाहा. आत कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळी दिसेल. ती नव्या रोपाची पहिली पाने असतात.
५) बिया मंद आचेवर भाजा. त्यांत जवळजवळ निम्मे तेल असते, म्हणून लगेच करपतात.

साठ फळे फोडली, तरी आजीची आमटीची वाटी निम्मीसुद्धा भरली नाही. पण चव अशी, की दुकानातला बदाम विसरावा!

आता मुख्य गोष्ट. पावसाळा संपल्यावर भावाला गावी कुंपणावर काळ्या बिया दिसल्या. एका बोंडात तीन-तीन. त्याला वाटले, हाही बदामच. फोडून सात-आठ खाल्ल्या. चव गोड लागली म्हणे. तासाभरात उलट्या, जुलाब, पोटात कळा. तो पांढराफटक पडला. आई नुसती रडत होती. बाबांनी खिशातल्या उरलेल्या बिया बरोबर घेतल्या आणि त्याला सायकलवरून सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी बी पाहताच ओळखली. ती चंद्रज्योत, म्हणजे मोगली एरंड. गुरे तिला तोंड लावत नाहीत, म्हणूनच ती कुंपणाला लावतात. सलाईन लावले. दोन दिवसांनी भाऊ घरी आला.

लक्षात ठेवा :
• गोड लागते म्हणून बी खाण्याजोगी असतेच असे नाही.
• मोठ्या माणसाने झाड ओळखल्याशिवाय त्याची बी तोंडात घालू नका.
• कुणी खाल्लीच तर घरी औषध करत बसू नका. उरलेली बी घेऊन लगेच दवाखाना गाठा.

पालकांना विनंती, की आपल्या कुंपणात चंद्रज्योत असेल तर ती मुलांना एकदा हात धरून दाखवावी. आम्हांला कुणी दाखवली नव्हती.

आता भाऊ आजीने दिलेला बदामसुद्धा आधी विचारून खातो, "आजी, हा आपल्याच झाडाचा ना?"

(इयत्ता सहावी)