शुश्रूषागृह, वृद्धाश्रम आणि रात्रीची खाट

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्याचा मूळ अर्थ थोड्यांच्याच ध्यानात असतो. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, ह्या संस्कृत धातूपासून तो निघाला असून ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा पहिला अर्थ होय. गुरूचे ऐकणे, मग गुरूची सेवा, आणि पुढे आजाऱ्याची सेवा, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. ज्या घरांच्या दारावर हा शब्द किंवा त्याच्या जातीचा एखादा शब्द रंगविलेला असतो, त्या घरांत अंथरुणास खिळलेल्या माणसाचे ऐकावयास रात्री कोण जागे असते, हा ह्या पाठाचा विषय आहे.

विषय आपल्यापासून दूरचा नाही. कर्जत व खालापूर हे तालुके मुंबई आणि पुणे ह्यांच्या मध्ये, बोरघाटाच्या पायथ्याशी आहेत. कर्जत व खोपोलीपर्यंत मुंबईची लोकल येते. खालापुरातून द्रुतगती महामार्ग जातो. शहराच्या मानाने जमीन स्वस्त आणि हवा बरी, म्हणून येथे शहरवासीयांची शेतघरे झाली, तशीच वृद्धांची वसतिस्थानेही झाली. नेरळजवळ ममदापूर येथे डिग्निटी ह्या नावाची निवृत्तांची वसाहत आहे. कर्जतनजीक वेणगाव येथे श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस उचलून आणून, बरे करून, त्यांच्या घरी पोहोचविणे हे तेथील काम, आणि त्याबद्दल डॉ. भरत वटवानी ह्यांस २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ह्यांशिवाय लहानमोठी खासगी घरे आहेत. त्यांत राहणारी माणसे बहुधा मुंबई-पुण्याची. परंतु त्यांची अंगे पुसणारे हात पुष्कळदा आपल्याच वाड्या-पाड्यांतले असतात. ठाकूर, कातकरी, आगरी, कुणबी, कोणत्याही घरची मुलगी दहावीनंतर किंवा त्याच्याही आधी ‘मावशी’ म्हणून अशा कामास लागते. म्हणून दर्जाचा प्रश्न जितका मुंबईच्या मुलाचा, तितकाच तो ह्या मुलीच्या आईबापांचाही आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मुंबई राज्यात १९४९ साली शुश्रूषागृह नोंदणी कायदा झाला व तो पुढे महाराष्ट्राचा कायदा म्हणून चालू राहिला. आजारी, जखमी किंवा पंगू माणसास ठेवून घेऊन जेथे उपचार व शुश्रूषा केली जाते ते शुश्रूषागृह, अशी त्यातील व्याख्या आहे. नोंदणी तीन वर्षांपुरती असते, आणि ती नाकारण्याची जी कारणे त्यात दिली आहेत त्यांत एक असे की, शुश्रूषेच्या कामावरील माणसांत अर्हताप्राप्त परिचारिकांचे योग्य प्रमाण नसणे. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या लोकांस इतके कळले होते की, इमारत पाहून परवाना देता येत नाही, माणसे पाहावी लागतात. २०२१ साली ह्या कायद्याखालील नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावणेही बंधनकारक झाले.

वृद्धाश्रमाची गोष्ट निराळी. आईवडील व ज्येष्ठ नागरिक ह्यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा केंद्रीय कायदा २००७ सालचा. निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, निदान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम सरकारने काढावा, असे त्यात आहे. परंतु खासगी पैशावर चालणाऱ्या घरात अंथरुणावरच्या माणसांमागे किती शिकलेल्या परिचारिका असाव्यात, हे त्यात नाही. अशा संस्थांची नोंदणी व किमान दर्जा ठरविणारे दुरुस्ती-विधेयक २०१९ साली लोकसभेत आले होते. ती लोकसभा २०२४ साली विसर्जित होईपर्यंत ते संमत झाले नाही.

ह्या दोन कायद्यांच्या मधल्या फटीत कोण सापडतो हे एका कल्पित उदाहरणाने समजेल. बहुतेक वृद्धाश्रमांचा नियम असा असतो की, जो स्वतःचे स्वतः करू शकतो त्यासच प्रवेश. एक आजोबा अशा घरात काठी टेकीत येतात. दोन वर्षांनी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडते. शस्त्रक्रिया होते, पण पुन्हा चालणे होत नाही. मुलगा परदेशी, दुसरी जागा मिळत नाही, व्यवस्थापकास दया येते, किंवा दरमहाची रक्कम वाढते, आणि आजोबा त्याच खोलीत राहतात. त्या दिवसापासून ती खोली वस्तुतः शुश्रूषागृहातील खोली झाली. पण दारावरची पाटी बदलली नाही, आणि काम करणारी मावशीही बदलली नाही. तिला कोणी शिकविलेले नाही. कोणी क्रूर झाले नाही, तरी तीन आठवड्यांत आजोबांच्या माकडहाडापाशी मूठभर खड्डा पडू शकतो.

शय्याव्रण, ज्यास आपण पाठीला जखमा होणे म्हणतो, तो म्हातारपणाचा अटळ भाग नव्हे. हाडाच्या उंचवट्यावरील कातडी शरीराचा भार व बिछाना ह्यांमध्ये चेपली गेली म्हणजे तेथील रक्ताचा पुरवठा थांबतो व मांस मरू लागते. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे, खांद्याची पाती, डोक्याचा मागचा भाग, ही त्याची ठिकाणे. उपाय इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटतो: सुमारे दर दोन तासांनी कूस बदलणे. उजवी कूस, पाठ, डावी कूस, गुडघ्यांमध्ये उशी, पोटऱ्यांखाली घडी घालून टाचा अधांतरी, चादरीला चुणी नाही. माणसास वर सरकविताना फरफटत ओढू नये, दोघांनी चादरीसह उचलावे, कारण घासण्यानेही कातडी सोलते. गोऱ्या अंगावर पहिली खूण लाल डागाची असते व बोटाने दाबला तरी तो डाग पांढरा होत नाही. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून हात लावून ती जागा गरम, कडक किंवा नेहमीपेक्षा मऊ लागते का ते पाहावे लागते. पूर्वी इस्पितळांत स्पिरिट व पावडर लावून पाठ चोळण्याची चाल होती, आणि अजूनही जुन्या मावश्या ती मोठ्या निष्ठेने पाळतात. डाग दिसू लागल्यावर ती जागा चोळल्याने आतले मांस अधिक दुखावते, हे आता ठरले आहे. रबरी चकतीवर बसविण्याचेही तसेच. मधला भाग सुटतो पण कडेचा भाग चेपतो. हवेची गादी उपयोगी आहे खरी; परंतु कर्जतच्या पावसात वीज रात्रभर जाते, पंप थांबतो, गादी चपटी होते, आणि गादी आहे म्हणून कूस बदलावयास कोणी उठलेले नसते.

दोन तासांनी म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळात चार वेळा. ज्या घरात अंथरुणावरची माणसे दहा आणि रात्रीस मावशी एक, तेथे हिशेब घालून पाहा: एकेका माणसामागे कपडे बदलण्यासह पंधरा मिनिटे धरली तरी एका फेरीस अडीच तास लागतात, म्हणजे पहिली फेरी संपण्यापूर्वीच दुसरीची वेळ टळलेली असते. शिवाय एकटीने उचलावयाचे, आणि ती बहुधा सकाळपासून उभी. तिला निष्काळजी म्हणणे सोपे आहे. माझ्या मते येथे दोष तिच्या हातांचा नसून ज्याने तो हिशेब केला नाही त्याचा आहे.

खाणे-पिणे हा दुसरा मोठा धडा. आडवे झोपवून चमच्याने पाजणे हे प्रेमाने केलेले असले तरी घातक आहे. अर्धांगवायू झालेल्याचा किंवा फार थकलेल्याचा घास अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, आणि चार दिवसांनी जो ‘न्यूमोनिया’ होतो त्याचे कारण पुष्कळदा तेच असते. म्हणून बसते करून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यावा, तो गिळला हे पाहावे, व नंतर अर्धा तास तसेच बसवावे. अशास पातळ पाण्यापेक्षा दाटसर नाचणीची पेज गिळावयास सोपी जाते.

पाण्याविषयी एक गोष्ट विशेष सांगण्याजोगी आहे, कारण ती कोठेही लिहिलेली नसते आणि पुष्कळ ठिकाणी चालते. रात्री पथारी ओली होऊ नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी द्यावयाचे नाही. वृद्धांस मुळात तहान कमी लागते, त्यात हे. मग लघवी गडद होते, जळजळते, ताप येतो, मलावरोध होतो, आणि माणूस रात्री असंबद्ध बोलू लागतो. त्यावर ‘आजीला भ्रम झाला’ असा निर्णय होऊन झोपेची गोळी येते, किंवा खाटेच्या कठड्यास हात बांधले जातात. पुन्हा पाहा: आरंभ कोरडी चादर राखण्यापासून झाला होता. ती आजी दिवसभर ‘पाणी, पाणी’ म्हणत होती. तिचे ऐकले असते तर एवढे झाले नसते.

मावशीस शिकविता येते का? येते, आणि फार काळही लागत नाही. नोंदणीकृत परिचारिका व्हावयास एएनएमची दोन वर्षे, जीएनएमची तीन वर्षे किंवा बीएस्सीची चार वर्षे लागतात व नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या पटावर यावे लागते. प्रत्येक खाटेपाशी अशी बाई मिळणार नाही हे उघड आहे. परंतु ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ ह्या नावाचा काही महिन्यांचा शिक्षणक्रम सरकारी कौशल्य-योजनांत आहे, आणि कूस बदलणे, भरविणे, नाडी व ताप पाहून लिहिणे, पडल्यास काय करावे, कोणत्या खुणा दिसताच परिचारिकेस हाक मारावी, इतके त्यात येते. आपल्या गावची मुलगी अशा कामास जात असेल तर तिला आधी हे शिकू द्यावे. शिकलेल्या मुलीस पगार अधिक मागता येतो, आणि बारा तासांच्या पाळीस नाहीही म्हणता येते. डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ साली मिरजेस इस्पितळ उघडले तेव्हाही खाटेपाशी उभे राहणारे माणूस आयते मिळाले नव्हते. ते तेथेच घडवावे लागले.

औषधांविषयी थोडक्यात: तोंडी निरोपावर गोळी देऊ नये, डॉक्टरने सही केलेला कागद असावा व दिलेल्या गोळीची वेळ तेव्हाच लिहावी. मधुमेह्याची इन्सुलिनची सुई शिकलेल्या परिचारिकेनेच द्यावी. पावसात रस्ता बंद झाल्यास कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत रुग्ण कसा न्यावयाचा, हे त्या घराने आधी ठरविलेले असावे.

ज्यांस आपले वडीलधारे माणूस अशा घरी ठेवावे लागत असेल, त्यांनी लाज बाळगू नये आणि बागेतील फुलेही मोजू नयेत. घराची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे हे विचारावे. अंथरुणावरची माणसे किती व रात्री जागी माणसे किती, हे दोन आकडे मागावेत. तक्रार ऐकली जात नसेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठी असलेला मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. भेटीस रविवारी दुपारी न जाता एखाद्या दिवशी न कळविता रात्री नऊच्या सुमारास जावे. कूस बदलल्याची वही मागावी. पहाटेच्या वेळांपुढील खुणा एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच बैठकीत केल्यासारख्या दिसतात का ते पाहावे. पांघरूण वर करून टाचा पाहाव्यात. आणि पाण्याचे भांडे त्यांच्या हातास लागेल असे ठेवले आहे, की समोरच्या कपाटावर, हेही पाहून घ्यावे.