बाटली आडवी झाली, पुढे काय?



मत देणे हे एका दिवसाचे काम आहे. दिलेले मत खरे करून दाखविणे हे पुष्कळ वर्षांचे काम आहे. ह्या पाठात आपणांस त्या दुसऱ्या कामाचा विचार करावयाचा आहे. उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलेच घेऊ. ते म्हणजे दारूचे दुकान बंद करण्याकरिता होणारे मतदान.

१. मतदानाची रीत

सरकारने २००८ साली काढलेल्या आदेशाने असे ठरविले की, गावातील किंवा शहराच्या प्रभागातील निदान २५ टक्के स्त्री मतदारांनी लेखी मागणी केली, तर सह्यांची पडताळणी करून गुप्त मतदान घ्यावे. मतपत्रिकेवर दोन बाटल्यांची चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहो. आडवी बाटली म्हणजे ते बंद होवो.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. झालेल्या मतांपैकी निम्मी मते मिळून भागत नाही. यादीत जितकी नावे आहेत त्यांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात. समजा, गावच्या यादीत ८०० स्त्रिया आहेत. ५०० आल्या आणि त्यांतील ३९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी दुकान चालूच राहते. कारण ४०१ मते पाहिजेत. म्हणून जी बाई त्या दिवशी घरी बसली, ती न बोलता उभ्या बाटलीच्या बाजूस गेली असे समजावे.

२. मिळालेले हातचे कसे जाते

चंद्रपूर जिल्ह्यातील स्त्रियांनी दारूबंदीकरिता वर्षानुवर्षे चळवळ केली. २०१० साली त्या चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या, आणि शेकडो ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. अखेर १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागू झाली. परंतु २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठविण्याचा निर्णय घेतला. चोरटी दारू व गुन्हे वाढले आणि महसूल बुडाला, अशी कारणे देण्यात आली. ती कारणे कोणास पटोत वा न पटोत; बोध इतकाच घ्यावयाचा की, मागच्या दाराने येणारी दारू थांबली नाही, तर पुढचे दार बंद केल्याचे श्रेय फार दिवस टिकत नाही.

शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली बंदी झाली. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचे मोठे साह्य होते. पण कायदा झाला म्हणून काम संपले असे तेथे कोणी मानले नाही. २०१६ साली 'मुक्तिपथ' नावाचे कार्य सुरू होऊन गावोगावी समित्या झाल्या, आणि व्यसनी माणसांच्या उपचाराचीही सोय करण्यात आली.

३. नाहूरच्या वाचकांकरिता

भांडुप व मुलुंड यांच्यामध्ये असलेल्या नाहूरला २००६ साली रेल्वेचे स्थानक झाले. तेथून तीन स्थानकांवर विक्रोळी आहे. त्या विक्रोळीत डिसेंबर २००४ मध्ये विषारी दारूने ८० हून अधिक माणसे मेली. पुढे जून २०१५ मध्ये मालवणीत १०० हून अधिक मेली. ही दारू परवान्याच्या दुकानातली नव्हती. ती गुत्त्यावरची होती. तेव्हा ज्या वस्तीने दुकान बंद करविले, तिने गुत्त्याकडेही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. नाहीतर गरीब मनुष्य वाईटाकडून अधिक वाईटाकडे जाईल.

४. कामाची वाटणी

पहिले, पहारा. समितीत पाच-सात स्त्रिया व तितकेच पुरुष असावे. चोरटी विक्री दिसताच तक्रार लेखी द्यावी व पोच घ्यावी. कोणीही एकट्याने भांडावयास जाऊ नये.

दुसरे, उपचार. दारूची जुनी सवय निश्चयाने एका रात्रीत सुटत नाही. एकाएकी सोडल्यास कित्येकांना झटकेही येतात. म्हणून डॉक्टरची मदत घ्यावी. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा पुष्कळ शहरांत विनामूल्य भरतात.

तिसरे, पोट. हातभट्टी विकणारी पुष्कळदा विधवाच असते. तिची चूल कशाने पेटणार ह्याचा विचार बचत गटाने आधी करावा. मग तिला दोष द्यावा.

चौथे, संध्याकाळ. कामावरून थकून आलेल्या मनुष्यास बसावयास जागा पाहिजे. भजन, वाचनालय, खेळ, काही तरी दिवेलागणीस चालू असावे.

पाचवे, विरोधक. ज्यांनी उभ्या बाटलीस मत दिले तेही आपलेच शेजारी आहेत. त्यांना हिणवू नये, समितीत बोलवावे.

नहेम्याने यरुशलेमचा कोट बांधला तेव्हा पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. आपल्या गावचे कामही ह्याच रीतीने होईल.

अभ्यासाकरिता प्रश्न

१. तुमच्या प्रभागाच्या यादीत स्त्री मतदार किती आहेत, आणि निम्म्याहून एक अधिक म्हणजे किती?
२. दुकान बंद झाल्यास दारू कोठून येईल?
३. वरील पाच कामांपैकी तुमच्या घरासमोरचे काम कोणते?