बुडालेल्या दरीतील धबधबे

सह्याद्रीच्या कड्यावरून पावसाळ्यात कोसळणारे धबधबे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचणे किती कठीण असते हे सांगावयास नको. वरून पाहावे तर पाणी खालच्या झाडीत गडप होते. खालून जावे तर निसरडे खडक आणि काटेरी जाळ्या वाट अडवितात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र एक सरोवर असे आहे की, तेथील काही धबधब्यांच्या पायाशी माणूस होडीत बसून जातो. त्या सरोवराचे नाव जोकासी.

दक्षिण कॅरोलिना राज्याच्या वायव्य कोपऱ्यात हे सरोवर पसरले आहे. ॲपलाचियन पर्वताची ब्लू रिज नावाची रांग येथे एकाएकी तुटते आणि अवघ्या काही मैलांत जमीन सुमारे दोन हजार फूट खाली उतरते. समुद्रावरून येणारे ओलसर वारे या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि भरपूर पाऊस पाडतात. सह्याद्रीचा पाऊस चार महिन्यांत पडून संपतो. येथे तो वर्षभर विभागून पडतो, म्हणून हे ओढे उन्हाळ्यातही वाहत असतात. व्हाइटवॉटर, थॉम्पसन, हॉर्सपाश्चर आणि टॉक्सावे या चार नद्या वरच्या पठारावरून उड्या घेत खाली येतात. त्यांपैकी व्हाइटवॉटर नदीचा वरचा धबधबा ४११ फूट उंच आहे.

पूर्वी येथे सरोवर नव्हते. होती ती एक अरुंद, हिरवी दरी. तिच्यात शेते होती, लहानसे चर्च व त्याशेजारचे दफनस्थान होते आणि पाहुण्यांसाठी बांधलेले अटाकुला नावाचे एक लाकडी विश्रामगृह होते. त्याहीपूर्वी येथे चेरोकी लोकांची वस्ती होती. जोकासी हे नाव त्यांचेच. 'हरवलेल्या व्यक्तीचे स्थान' असा त्याचा अर्थ सांगतात. १९७३ साली एका वीज कंपनीने दरीच्या मुखाशी ३८५ फूट उंचीचे मातीदगडांचे धरण पुरे केले. नद्यांचे पाणी तुंबले, चढत गेले आणि सुमारे साडेसात हजार एकर भूमी पाण्याखाली गेली. चारी नद्यांच्या घळी आता सरोवराच्या लांबच लांब बाहू होऊन राहिल्या आहेत.

या बाहूंच्या टोकांशी आणि आडोशाच्या खाड्यांत ते धबधबे आहेत. बहुतेक किनाऱ्यावर दाट अरण्य असून रस्ता नाही; तेव्हा होडीवाचून गत्यंतर नसते. कोणी यंत्राची होडी घेतात, कोणी कायाक. कायाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची शिकारी होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ती करीत. ती इतकी अरुंद असते की, माणूस तिच्यात बसतो म्हणण्यापेक्षा तिला अंगावर घालतो म्हणणेच योग्य. दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे आलटून पालटून दोन्ही बाजूंना मारीत ती चालवावी लागते. यंत्राच्या होडीने वेळ वाचतो खरा. पण तिच्या घरघरीत धबधब्याची चाहूल बुडून जाते. कायाकमधील प्रवाशाला धबधबा आधी ऐकू येतो आणि मग दिसतो.

अनुभवी वल्हेकरी पहाटेच निघतात. सकाळी पाणी आरशासारखे असते. दुपारनंतर मात्र बाहूंतून वारा सुटतो आणि उन्हाळ्यात विजांसह वादळेही येतात. सरोवर फार खोल आहे आणि खालचे पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार राहते. वसंत ऋतूत तर वरचे पाणीही इतके थंड असते की, होडी उलटल्यास चांगल्या पोहणाराचेसुद्धा हातपाय लवकरच गारठतात. म्हणून अंगात लाइफ जॅकेट घातल्यावाचून कोणी शहाणा मनुष्य निघत नाही.

लॉरेल फोर्क नावाचा ओढा एका चिंचोळ्या खाडीत कोसळतो. त्याची एकंदर उंची सुमारे ८० फूट. डोंगरातील पायवाटेने येणाऱ्यांना त्याचा माथा दिसतो. अखेरची उडी नीट पाहावयाची तर पाण्यावरूनच आले पाहिजे. खडकांच्या आड वळताच हवा एकदम गार होते. कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवाही खाली ओढते आणि ती पृष्ठभागावर आपटून चोहीकडे फेकली जाते. म्हणून वारा नसतानाही येथे होडी मागे रेटली जाते. तुषारांनी सदैव भिजलेल्या कपारींत नेचे आणि शेवाळे दाटलेली असतात. त्यांतील काहींचे जवळचे आप्त दूर दक्षिणेस उष्ण प्रदेशांत वाढतात. घळीतील ओलाव्यामुळे येथील हिवाळा त्यांना सोसवतो. धबधब्याच्या अगदी खाली होडी नेण्याचा मोह मात्र आवरावा लागतो, कारण पाण्याबरोबर कधी ओंडका तर कधी धोंडाही येतो.

राइट क्रीकचा धबधबा याहून वेगळा. सरोवराचे पाणी उतरलेले असले म्हणजे त्याचा खालचा टप्पा उघडा पडतो आणि कायाक जलधारांच्या पडद्यामागे शिरू शकते. पुढे पांढरा पडदा, पाठीशी काळाकभिन्न खडक. सरोवर भरले की तोच टप्पा पाण्यात दडतो. एकाच धबधब्याची उंची आज एक, तर महिन्याने दुसरी!

येथेच एक गोष्ट ध्यानात येते. होडीतील माणसाला वाटते, आपण धबधब्याच्या तळाशी आलो. वास्तविक तो तळाशी नसतोच. जुनी दरी त्याच्या खाली कितीतरी फूट खोल उतरत गेली आहे. जेथे आज त्याची कायाक डुलते आहे, तेथे १९७३ पूर्वी ससाणे घिरट्या घालीत असतील. २००४ साली पाणबुडे सुमारे ३०० फूट खोल गेले, तेव्हा अटाकुला विश्रामगृह त्यांना अजून उभे असलेले आढळले.

दरीबरोबर आणखीही काही बुडाले. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंद्रे मिशो याने १७८८ च्या हिवाळ्यात या भागातून एक रोपटे गोळा केले. त्याला त्या वेळी फूल नव्हते. ते वाळवून पॅरिसला गेले आणि पडून राहिले. १८३९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आसा ग्रे याने ते तेथे पाहिले आणि पुढे त्याला 'शॉर्टिया' हे नाव दिले. नमुन्यावरील चिठ्ठीत कॅरोलिनातील उंच पर्वतांचा निर्देश होता, म्हणून ग्रे व त्याचे मित्र शिखरे धुंडाळीत राहिले. रोपटे वाढत होते खाली, ओढ्यांच्या सावलीतील ओल्या काठांवर! १८७७ साली उत्तर कॅरोलिनात जॉर्ज हायम्स नावाच्या १७ वर्षांच्या मुलाला ते एका नदीकाठी सापडले; मिशोच्या मूळ प्रदेशात ते मिळावयास १८८६ साल उजाडले. इतक्या सायासाने सापडलेल्या या रोपट्याची कितीतरी ठाणी नेमक्या याच ओढ्यांच्या काठी होती. धरणाचे पाणी चढले, तेव्हा त्यांचा मोठा भाग बुडाला. वरच्या ओढ्यांवर जी रोपे वाचली, त्यांना मार्चच्या सुमारास पांढरी, घंटेसारखी फुले येतात. लोक त्यांना 'ओकोनी बेल' म्हणतात. कायाक काठाला बांधून थोडे आत चालत गेले, तर कधीकधी ती दृष्टीस पडतात.

विजेची मागणी वाढते तेव्हा जोकासीचे पाणी यंत्रांतून खाली कियोवी सरोवरात सोडतात आणि मागणी ओसरली की तेच पाणी पुन्हा वर चढवितात. महाराष्ट्रात घाटघर येथेही हीच युक्ती योजिली आहे. त्यामुळे काठच्या खडकांवर ओल्या पाण्याची एक रेषा दिसते. ती कधी होडीच्या वर असते, कधी होडीला टेकते. पहाटे पडद्यामागे जाण्याच्या आशेने निघालेला वल्हेकरी राइट क्रीकच्या खाडीत शिरण्यापूर्वी प्रथम त्या रेषेकडे पाहतो.