डोळ्यातील क्षय आणि औषधांना न जुमानणारे जंतू

क्षयाचे जंतू बहुधा श्वासावाटे शरीरात शिरतात आणि प्रथम फुप्फुसांत ठाण मांडतात. तेथून रक्तप्रवाहाबरोबर ते डोळ्यापर्यंतही पोहोचू शकतात. दृष्टिपटलामागील रंजितपटलात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असल्यामुळे रोगाचे केंद्र पुष्कळदा तेथेच आढळते.

फुप्फुसाच्या क्षयात रोग्याचा बेडका तपासता येतो. डोळ्यातून मात्र द्रवाचे काही थेंबच मिळतात व त्यांत जंतू अत्यंत विरळ असतात. तपासणीसाठी आतील पडद्याचा तुकडा काढणे म्हणजे दृष्टीच पणाला लावणे होय. म्हणून डोळ्याची लक्षणे, मांटू चाचणी व छातीचे क्ष-किरण चित्र यांची सांगड घालून उपचार सुरू करावे लागतात. निदान पुष्कळदा अनुमानाच्या पायरीवरच राहते.

अशा उपचारांनी गुण आला नाही, तर जंतू औषधांना दाद देत नसावेत अशी शंका येते. आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन ही दोन्ही प्रमुख औषधे निष्प्रभ ठरली, तर त्या क्षयास बहु-औषधरोधी म्हणतात. परंतु येथे घाई घातक ठरते. मूळ निदानच चुकलेले असू शकते. रोग्याने गोळ्या मध्येच सोडलेल्या असू शकतात. शिवाय उपचार लागू पडत असतानाही, मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने दिलेल्या प्रतिसादामुळे, प्रारंभी डोळ्याचा दाह काही काळ वाढतो. हा दाह स्टिरॉइडने आवरता येतो. पण खरोखरच रोधी असलेल्या जंतूंना तेच स्टिरॉइड मोकळे रान देते.

हा पेच सोडविण्यास जनुकीय चाचण्यांचे साहाय्य होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्यता दिलेली एक चाचणी जंतूंचे अस्तित्व व रिफॅम्पिसिनरोध दोन तासांच्या आत दाखविते. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत डोळ्यातील काचाभ द्रवावरही अशा चाचण्या अजमावण्यात आल्या. मात्र द्रवात जंतूच आले नाहीत, तर चाचणीचा निष्कर्ष नकारार्थी येतो. तेवढ्यावरून डोळा निरोगी ठरत नाही.

रोध सिद्ध झाल्यास बेडाक्विलीन, लिनेझोलिड यांसारखी औषधे योजतात. औषधांची निवड क्षयतज्ज्ञ व नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून करावयाची असते. कारण लिनेझोलिड दीर्घकाळ दिल्यास, तसेच एथॅम्ब्युटॉलमुळेही, दृष्टितंत्रिकेस इजा होऊ शकते. आधीच अधू झालेल्या डोळ्यात ही इजा रोगाचीच वाढ वाटण्याचा संभव असतो. अशा वेळी रंग फिके दिसू लागणे ही सूचक खूण ठरते. म्हणून या औषधांच्या काळात केवळ अक्षरे वाचवून न थांबता रंगज्ञानही वरचेवर तपासतात, आणि त्यात फरक आढळताच औषधाचा फेरविचार करतात.